आईसाठी घेतलेली गाडी

आमच्या ऑफिसात कुणाला मोटार घ्यायची असली की तो आधी माझ्याकडे येतो, मग बँकेत जातो आणि बायकोला सगळ्यात शेवटी विचारतो. बरीच वर्षं हा क्रम ठरलेला आहे. कुठली गाडी चढावर दम टाकते, कुठल्या गाडीचा क्लच लवकर जातो, कुठलीचं नुसतं तोंड देखणं आणि बाकी सगळा पत्रा, हे त्यानं विचारावं आणि मी चहा संपेपर्यंत सांगावं. सगळं ऐकून झालं की त्याची नजर माझ्या मांडीवरच्या हेल्मेटकडे जाते.

"तुझी कुठली?"

"माझी बंडी आहे," मी सांगतो.

हैदराबादेत मोटारसायकलला बंडी म्हणतात, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काचीगुड्यातले, त्यामुळे आमच्या घरच्या मराठीतही ती बंडीच. माझी बायको पुण्याची. लग्न होऊन नवीन आली तेव्हा आईनं तिला सांगितलं, "तो बाहेर बंडी काढतोय, तू लवकर ये." ती बराच वेळ आतच थांबली. नवरा अंगणात उभा राहून अंगातले कपडे का काढतोय, हे सासूला कसं विचारावं, ते तिला कळेना.

माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतींच्या जंगलात. सकाळी निघायचं, कोठीच्या गर्दीतून वाट काढायची, लकडी का पूल ओलांडायचा, आणि मग एका उड्डाणपुलावरून उतरून दुसऱ्यावर चढत राहायचं. बंडीवाल्याला रस्ता नसतो, फट असते. सिटी बस आणि ऑटो यांच्यामध्ये एक गुडघा मावेल एवढी जागा दिसली की पुढं घुसायचं, आणि बसच्या खिडकीतून पानाची पिंक येण्याआधी तिथून निसटायचं. या सगळ्यात माझा बहुतेक वेळ मोटारींच्या मागं जातो. म्हणून मोटारींवर माझं प्रेम जडलं ते त्यांच्या पाठीकडून. धुक्यात नुसते मागचे लाल दिवे दिसले तरी मी गाडीचं मॉडेल सांगू शकतो. सिग्नलला काचेआड बघायचं. कुणी भांग पाडत असतो, कुणी डब्यातली इडली खात असतो, कुणी एकटाच बसून मीटिंगमध्ये हातवारे करत असतो. माझ्या पाठीवर ऊन, बुटावर त्यांच्या एसीचं पाणी. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि दुःख याचं, की इतक्या चांगल्या गाड्या इतक्या वाईट पद्धतीनं चालवल्या जातात.

मग आईचे गुडघे दुखायला लागले.

आई पंचाहत्तरीला टेकलेली. बाबा गेल्यापासून आमच्याकडेच, म्हणजे खरं तर आम्हीच तिच्याकडे, कारण घर तिचं. डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले आणि म्हणाले, "जिने कमी चढा, धक्के टाळा आणि चपला मऊ घ्या." आई बंडीवर माझ्या मागं बसून घरी आली. वाटेत माझ्या डोक्यात 'धक्के टाळा' एवढेच दोन शब्द घुमत होते. जेवायला बसल्यावर मी जाहीर केलं की आईसाठी गाडी घेणं आता भाग आहे.

बायको म्हणाली, "डॉक्टरांनी चपला घ्यायला सांगितल्यात."

"चपला पण घेऊ."

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताकाचं भांडं पुढं सरकवलं.

आमच्याकडे मनापासून हवी असलेली वस्तू कुणी स्वतःसाठी घेत नाही. फ्रीज मुलांच्या दुधासाठी आला. टीव्ही आजोबांच्या बातम्यांसाठी आला, आणि आजोबांना त्यावर बातम्या कधी बघायला मिळाल्या नाहीत. थंड हवेचा कूलर पाहुण्यांसाठी आला. त्या परंपरेत गाडी आईच्या गुडघ्यांसाठी येणं अगदी रीतसर होतं.

दुसऱ्याला एका चहात गाडी सुचवणारा मी स्वतःसाठी महिनोन्‌महिने फिरलो. शोरूममधली मुलं मला बघून पाणी आणायला आत जायची आणि बाहेर यायची नाहीत. बायकोनं एकदाच मत दिलं.

"उंच, छोटी, ऑटोमॅटिक घ्या. आईंना चढता-उतरता येईल."

मी तिला समजावून सांगितलं की ऑटोमॅटिक ही गाडी नव्हे, ती लिफ्ट आहे. चालवणाऱ्याचा आणि इंजिनाचा संवाद असला पाहिजे. गाडी आपल्याशी बोलली पाहिजे.

"बोलू दे," ती म्हणाली. "पण आईंना बसता आलं पाहिजे."

शेवटी ऑफिसातला एक जण परदेशी चालला होता, त्याची पांढरी सेडान मी घेतली. डिझेल, हातानं गिअर टाकायची, जमिनीला जवळजवळ टेकलेली, आणि सस्पेन्शन असं कडक की रस्त्यावर नाणं पडलेलं असलं तर छाप आहे की काटा, हे बसल्या जागी कळावं. जाणकारांमध्ये या गाडीला फार मान आहे. आईला तिच्यात बसवायला मी आणि बायको दोघं लागलो. ती विहिरीत उतरावं तशी एकेक पाय टाकत खाली गेली.

"बरी आहे," आतून आवाज आला. "चूल पेटवायला बसल्यासारखं वाटतं."

पूजा झाली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आईनं बसल्या जागेवरून हळद-कुंकू लावलं. शमशाबादकडच्या एका जुन्या देवळात पहिली फेरी करायची आणि येताना अफझलगंजला पेढे घ्यायचे, असं ठरलं होतं. मी आईला सस्पेन्शनबद्दल सांगत होतो. वळणावर गाडी कशी रस्त्याला चिकटून राहते, हेही दोन-तीन वळणं घेऊन दाखवलं. मूसी नदीच्या पुलावर आलो तेव्हा मागून बायको शांतपणे म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

"इथं थांबता येत नाही."

"मग जाऊ दे," ती म्हणाली, "आता गरज नाही."

पेढे राहिले. देऊळ राहिलं. ज्या पिशवीत नारळाची प्रसादाची वाटी होती ती आईनं वेळेवर उघडली होती, एवढंच बरं झालं.

पहिला दोष मूसीच्या वासाला दिला. तो सगळ्यांना पटला, कारण मूसीला दोष दिला की हैदराबादेत कुणी वाद घालत नाही. पुढच्या खेपेला नदी टाळून गेलो तर बरकतपुऱ्याच्या चौकातच गाडी थांबवावी लागली. मग डॅशबोर्डवरची सुगंधी बाटली काढली. मग आईला पुढं बसवलं. मग काचा उघड्या, एसी बंद. मग आलेपाक, आवळासुपारी, नाकाशी लिंबू. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून पोटाशी वर्तमानपत्राची घडी धरली. ती वाचत वाचत आई दोन चौक जास्त टिकली, मग कागदाचाच उपयोग झाला. मी दर वेळी गाडी धुवायचो आणि दर वेळी माझ्याकडे नवीन कारण तयार असायचं. एकदा मी टायरमधल्या हवेवर बोलत होतो, तेव्हा आईनं मला बसायला सांगितलं.

"मला मोटार लागते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुझ्या बाबांच्या साहेबांची जीप होती, तिच्यात एकदा बसले तर साहेबांनी पुन्हा बोलावलं नाही. लग्नाची वरात मोटारीतून काढली. या घराशी उतरले तेव्हा डोळ्यांत पाणी, तोंडाला पदर. तुझी आजी सगळ्यांना सांगत होती, पोरीला माहेरची फार माया."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं?" आई गुडघ्याला तेल लावत होती. "आणि तुला किती वर्षांची हौस. माझं नाव लावल्याशिवाय तू थोडीच घेणार होतास. म्हटलं, लावू दे. गुडघ्यांचा कुणाला तरी उपयोग झाला."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसतीच आत गेली. मी बाहेर जाऊन गाडीवर कव्हर घातलं, कव्हराचे बंद नीट बांधले, आणि कुणी बघत नाही असं बघून पुन्हा सोडून पुन्हा बांधले.

गाडी आईच्या कामाची नाही तर निदान माझ्या कामाची होईल, म्हणून मी ती ऑफिसला नेली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं कुठल्याच मासिकात वाचली नव्हती. मी गाडीतही बंडीवाला होतो. बस आणि ऑटोमध्ये फट दिसली की माझा हात आपोआप तिकडे वळायचा. सिग्नलला गाडी थांबली की डावा पाय खाली टेकायला जमीन शोधायचा. लकडी का पुलाजवळ मी अशाच एका फटीत घुसलो, आणि बाहेर आलो तेव्हा डावा आरसा ऑटोवाल्याच्या हातात होता. त्यानं तो खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला.

"रखलो भाई," तो म्हणाला. "हल्लू चलाव. ये बंडी नक्को समझो."

ऑफिसात पोचलो तेव्हा सकाळची मीटिंग संपली होती. संध्याकाळी परत येताना उड्डाणपुलावर अडकलो. खाली बंड्या मुंग्यांसारख्या निघून जात होत्या. शेजारी एक बंडीवाला थांबला, त्यानं आत वाकून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या आरशाच्या जागेकडे बघितलं आणि मान हलवली. तो काय विचार करत असेल ते मला नेमकं माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी बंडीवरच जाऊ लागलो. ऑफिसात सांगितलं की गाडी आईसाठी असते.

आता गाडी दारात उभी आणि चालवायला कुणी नाही. बायको जवळच्याच शाळेत शिकवते आणि स्कूटरवर जाते. मोटारींबद्दल तिला काडीचीही माहिती नव्हती, आणि ती मिळवायची इच्छाही नव्हती. आमच्या गाडीला ती 'पांढरी' म्हणायची. एक दिवस ती म्हणाली, "मी शिकते."

मी शिकवायला बसलो. पहिल्या तासाला मी तिला टॉर्क म्हणजे काय ते सांगितलं. गाडी अजून चालू व्हायची होती. तासाच्या शेवटी ती खाली उतरली आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या एका बाईंकडे नाव घालून आली. त्या बाई टॉर्क वगैरे काही सांगत नसत. माझ्या बायकोला त्यांनी एकच मंत्र दिला होता, "आप घबराओ नक्को, सामनेवाला घबराएगा." बायकोला तो पटला. पुण्यात स्कूटर चालवलेल्या बाईला नवीन असं त्यात काही नव्हतं.

ती चांगली चालवायला लागली, हे मला मान्य करायला वेळ लागला. ती फटीत घुसायची नाही. पुढच्या गाडीच्या मागं शांत थांबायची, हॉर्न न वाजवता. मी शेजारी बसून सूचना करायचो. "आता थर्ड टाक. आता आवाज ऐक, इंजिन मागतंय." एकदा कोठीच्या सिग्नलला तिनं हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळली.

"इंजिन काही मागत नाहीये. तुम्ही मागताय. तुम्ही उतरा आणि ऑटोनं या."

मी उतरलो. मागच्या लोकांना वाटलं, मी भाड्याच्या गाडीतून आलोय आणि इथंच उतरणार होतो. त्यामुळे फारसं कुणी बघितलं नाही.

अशा रीतीनं घरात वाटण्या झाल्या. बायकोकडे मोटार, माझ्याकडे बंडी, आणि आई बंडीकडे. कारण बंडीवर तिला काही होत नसे. वारा लागला की तिचा जीव कसा थाऱ्यावर यायचा. बेगम बाजारात मसाला आणि पापडखार आणायला ती माझ्या मागं एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायची आणि तिथल्या बोळांतून, जिथं मोटार शिरणं शक्यच नाही, तिथून मला हुकूम सोडत न्यायची. फक्त चढता-उतरताना गुडघे नाही म्हणायचे. त्यासाठी आम्ही प्लास्टिकचं एक बुटकं स्टूल घेतलं. स्टुलावर पाय, मग सीट. बाजारात कुठल्याही दुकानदाराकडे स्टूल मिळतं, त्यामुळे घरचं स्टूल घरी राहायचं.

त्यानंतर माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न आलं. उप्पलच्या पुढं फंक्शन हॉल, दुपारचा मुहूर्त. सगळं गणगोत येणार, आणि नांदेडकडचे तर आदल्या दिवशीच आलेले. आई म्हणाली, "मी बंडीवर येते."

"लग्नाला?" मी म्हटलं. "पैठणी नेसून?"

"मग काय पैठणीवर ओकू?"

ठरलं असं, की मी आणि आई बंडीवर पुढं, बायको गाडी घेऊन मागं. गाडीत आहेराच्या पिशव्या, माझा सूट, आईची पाण्याची बाटली, आणि मुख्य म्हणजे ते स्टूल. फंक्शन हॉलच्या दारात स्टूल असेलच असं नाही. म्हणून बायकोनं आमच्या पाठोपाठ यायचं. ज्या गाडीत आईनं आरामात बसून जावं म्हणून मी महिनोन्‌महिने वणवण केली, ती गाडी आईच्या स्टुलासाठी निघाली होती.

आईनं अंबाड्यावर भरघोस गजरा माळला होता. त्यावर हेल्मेट बसेना. तिनं ते मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "पोलीस दिसला की घालते." अंबरपेटला वळणावरच पोलीस होता. त्यानं हात केला. मी थांबलो. मागं बायकोही थांबली.

"अम्मा, हेल्मेट सर पे पहनते, गोद में नहीं," तो म्हणाला.

"हौ बाबा, पहनती," आई म्हणाली. "जरा फूल का सोच रही थी."

त्याचं लक्ष मागच्या गाडीकडे गेलं. "वो कार कायकू रुकी?"

"हमारीच है," मी म्हटलं.

"कौन है उसमें?"

"बीवी."

"बस बीवी?"

"और सामान."

त्यानं काळा चष्मा काढला. रिकाम्या मागच्या सीटकडे बघितलं, मग पैठणीतल्या आईकडे, मग माझ्याकडे. "घर में झगडा चलरा क्या?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं.

"नक्को बाबा," आई म्हणाली. "मेरेकू कार में उलट्या होते."

त्यानं विचार केला. आयुष्यात त्यानं ऐकलेल्या सबबींमध्ये ही कुठं बसते, ते तो बघत असावा. मग त्यानं आईला सांगितलं, "अम्मा, फूल निकालके हाथ में पकडलो, हेल्मेट सर पे रखलो." आईनं तसं केलं. जाताना त्यानं मला बाजूला घेऊन सल्लाही दिला. "कार बेच डालो ना भाई."

त्या थांबण्यात पुढचा सिग्नल पडायला आला. मी फटीतून निघालो, ते हातातच असतं. बायको तिच्या स्वभावाप्रमाणे पिवळ्या दिव्याला थांबली. रामंतापूरपर्यंत ती आरशात दिसत होती, मग दिसेना. आम्ही हॉलच्या दारात पोचलो तेव्हा सनई चालू होती, अत्तर शिंपडायला मुली उभ्या होत्या, आणि आमच्याकडे स्टूल नव्हतं.

"उतरवू का धरून?" मी विचारलं.

"नको. पडले तर लग्न राहील बाजूला. येईल ती."

मी स्टँड लावला. आई बंडीवर बसून राहिली. एका हातात गजरा, डोक्यावर हेल्मेट, अंगावर जांभळी पैठणी. मी आत जाऊन स्टूल आणायला निघालो तर तिनं शर्ट धरला, "मला एकटीला सोडून जाऊ नकोस, ही हलते." मग लोकच बाहेर येऊ लागले. नांदेडची आत्या आली, तिनं वाकून नमस्कार केला. तिचं बघून तिच्या सुनांनी केला. नवरदेवाकडच्या कुणाला काय वाटलं कोण जाणे, त्यांच्यातल्या दोघा-तिघांनीही पाया पडून घेतलं. अत्तरवाल्या मुलीनं बंडीवरही थोडं शिंपडलं. आई प्रत्येकाला आशीर्वाद देत होती आणि मी हँडल घट्ट धरून उभा होतो.

तेवढ्यात पांढरी आली. काचा वर, एसी चालू. बायको उतरली, केस जागच्या जागी, साडीची चुणीही मोडलेली नाही. तिनं डिकी उघडून त्यातून ते स्टूल काढलं आणि सगळ्यांच्या देखत सासूच्या पायाशी ठेवलं.

सनई नेमकी तेव्हाच थांबली. सून गार गाडीतून एकटी आली आणि गुडघेदुखीची सासू भर उन्हात मोटारसायकलवर. वर सुनेनं तिला बसायला पाट दिल्यासारखं स्टूल दिलं. माझ्या धाकट्या काकूंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दुःख होतं असं म्हणता येणार नाही. इतकी चांगली गोष्ट त्यांच्या वाट्याला बऱ्याच लग्नांत आली नव्हती.

मंगलाष्टकं होईपर्यंत ती बातमी तीन रांगा मागं गेली होती. जेवणाच्या पंगतीपर्यंत ती वाढली होती. पुण्याच्या मुली अशाच असतात, गाडीच्या किल्ल्या तिनं पर्समध्येच ठेवल्यात, तो बिचारा काही बोलत नाही. एका मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरात सगळं ठीक ना?" मी त्यांना मोटार लागण्याचं सांगायला गेलो तर ते म्हणाले, "समजलं, समजलं," आणि खांदा आणखी जोरात दाबला. बायकोनं हे सगळं ऐकलं होतं. ती पानातला भात चिवडत होती. "मी सांगू का सगळ्यांना उभी राहून?" ती मला म्हणाली. "का शाळेसारखं फळ्यावर लिहू?"

जेवणं झाल्यावर धाकट्या काकू आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. बाकीच्या बायका जवळच होत्या, दुसरीकडे बघत, कान इकडे ठेवून. मी पान घ्यायच्या निमित्तानं मागं उभा होतो.

"वैनी," काकू म्हणाल्या, "या वयात बंडीवर कायकू बरं? घरात एवढी मोठी गाडी असताना? कुणी नाही म्हणतं का बसायला?"

आईनं पानाला चुना लावला. ती आता जीपची, वरातीची सगळी हकिकत सांगेल असं मला वाटलं.

"गाडीत सामान होतं," आई म्हणाली. "मी सामान नाही अजून."

आई तिथंच थांबली नाही. "तुझा मुलगा तुला बंडीवर नेतो का कुठं?"

"तो? त्याला वेळ कुठं."

"माझा नेतो," आई म्हणाली. "आणि सून मागून येते, मी पडले तर उचलायला. एकटीच्या मागं एवढी मिरवणूक कुणाच्या नशिबात असते, सांग."

बायकांमध्ये कुणीतरी हसलं. नांदेडच्या आत्यानं तर पुढं येऊन विचारलं, की बंडीवर खरंच गरगरत नाही का, कारण तिलाही बसमध्ये फार त्रास होतो. मग अशा त्रासाच्या चार-पाच जणी निघाल्या. आयुष्यभर कुणी पोटाशी कागद धरला होता, कुणी लिंबू चोखलं होतं, आणि घरच्यांच्या हौसेपायी कुणीच बोललं नव्हतं. काकू उठून आइस्क्रीमकडे गेल्या. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्या हातातलं पान घेऊन खाल्लं.

निघताना काकूंना काचीगुडा स्टेशनवर जायचं होतं, त्यांची रेल्वे होती. त्यांच्याबरोबर आणखी दोघी. ऑटो मिळेना. बायकोनं मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "या ना, सोडते." तिघी बसल्या. मागची सीट पहिल्यांदाच भरलेली मी बघितली. वाटेत काकूंनी दोनदा विचारलं म्हणे, की सस्पेन्शन जरा कडक आहे का, आणि बायकोनं पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. "जाणकारांमध्ये मान आहे या गाडीला," ती म्हणाली.

स्टूल या वेळी बंडीलाच, मागं दोरीनं बांधलं. उन्हं उतरली होती. रामंतापूरच्या पुढं आईनं पाठीत बोट टोचलं. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाची गाडी होती. मी स्टूल सोडलं, आई उतरली, स्टुलावरच बसली आणि हेल्मेट काढून पदरानं मान पुसली. आम्ही रस पीत होतो तेव्हा पांढरी समोरून गेली, सावकाश, आपल्या रांगेत. मागच्या काचेतून काकूंचा हात दिसला. बायकोनं हॉर्न दिला.

"नीट चालवते," आई म्हणाली.

"हो."

"आत गार असेल ना?"

"खूप."

"चांगलं आहे," ती म्हणाली आणि रसवाल्याला सांगितलं, "भैया, मेरे गिलास में बरफ नक्को, और थोडा अदरक डालो."